वेल्डिंग केलं तरी पिकअपचा पुढचा ब्रॅकेट परत परत का तुटतो?

भाजीपाला असो, मासळी असो की सिमेंटच्या गोण्या, गावाकडून बाजारात आणि बाजारातून दुकानापर्यंत माल पोचवायचं काम महाराष्ट्रात बऱ्याचदा पिकअपच करते. यातल्या कित्येक गाड्या दहा-बारा वर्षं जुन्या आहेत. आणि अशा गाड्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. पुढच्या पाट्याचा ब्रॅकेट तुटला, वेल्डिंग करून घेतलं आणि दोन-तीन महिन्यांत तिथंच परत तडा गेला.

मग दोष वेल्डरला दिला जातो. दुसरा वेल्डर गाठला जातो. तो आणखी जाड पट्टी मारतो. या वेळी तडा पट्टीच्या शेजारून थेट चेसिसमध्ये शिरतो. आधी काही तासांचं असलेलं काम आता काही दिवसांचं होतं, आणि गाडी उभी म्हणजे धंदा उभा.

बहुतेक वेळा ब्रॅकेट दुसऱ्याच कुठल्या तरी भागाच्या चुकीची शिक्षा भोगत असतो. तो भाग कोणता हे शोधलं नाही, तर कितीही भारी वेल्डिंग केलं तरी तडा परत येतो. हे कसं होतं, खरं कारण कसं शोधायचं आणि टिकाऊ दुरुस्ती कशी करायची, हे सविस्तर बघू.

हा ब्रॅकेट नेमकं काय करतो?

अनेक जुन्या पिकअप आणि छोट्या ट्रकमध्ये पुढं सुद्धा पाटे असतात. २००५ मध्ये आलेली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, हे त्याचं ओळखीचं उदाहरण. मधोमध पुढचा ॲक्सल यू-बोल्टनं पाट्याला आवळलेला असतो. पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात, त्यांना डोळे म्हणतात. हे डोळे चेसिसला जिथं जोडले जातात, ते लोखंडी जोड म्हणजे ब्रॅकेट किंवा हँगर.

आता गंमत अशी की पाट्याची दोन्ही टोकं सारखी जोडलेली नसतात. एक टोक पक्कं असतं. दुसरं टोक शॅकल नावाच्या झुलत्या कडीवर असतं. कारण चाक खड्ड्यातून वर उचललं गेलं की कमानीसारखा वाकलेला पाटा सपाट होतो, आणि सपाट झाला की त्याची लांबी वाढते. ही वाढलेली लांबी कुठं तरी गेली पाहिजे. ती शॅकलच्या झुल्यात जाते.

ॲक्सलला पुढं-मागं सरकू न देण्याचं काम मात्र एकट्या पक्क्या टोकाचं. शॅकल झुलतो, त्यामुळं तो पुढं-मागं ओढणारा जोर पेलू शकत नाही. ब्रेक मारला, चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं की तो सगळा जोर पक्क्या टोकाच्या ब्रॅकेटवर जातो.

ब्रॅकेटवर भार येतो तरी किती?

एक साधा हिशोब करून बघू. समजा मालासकट गाडीचं वजन ३,००० किलो आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर, गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर, आणि उभ्या गाडीत पुढच्या ॲक्सलवर १,२०० किलो.

चालकानं जोरात ब्रेक मारला, इतका की वेग कमी होण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट झाला. अशा वेळी साधारण ५४० किलो भार मागून पुढं सरकतो. म्हणजे पुढच्या ॲक्सलवर १,७४० किलो येतात. त्या चाकांवर लागणारा ब्रेकचा जोर होतो हजार किलोंच्या थोडा वर. दोन बाजूंत वाटला तरी एकेका ब्रॅकेटला पाचशे किलोंहून जास्त मागं ढकलणारा जोर सोसावा लागतो. आणि हे सरळ, गुळगुळीत डांबरी रस्त्यावर. ब्रेक लागलेला असतानाच चाक खड्ड्यात गेलं तर आकडा आणखी वर जातो.

माल कुठं ठेवलाय, यावरही बरंच अवलंबून असतं. दीड टन मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ३० सेंटीमीटर पुढं असेल, तर पुढच्या ॲक्सलवर त्यातले फक्त १५० किलो जातात. तोच माल केबिनला चिकटवून रचला आणि मध्य १ मीटर पुढं आला, तर पुढं ५०० किलो जातात. माल तेवढाच, काट्यावरचं वजन तेवढंच, पण पुढच्या ब्रॅकेटसाठी हिशोब तिपटीहून जास्त बदलला. सिमेंटच्या गोण्या किंवा लाद्यांसारखा जड माल केबिनला टेकवून भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

एका दणक्यात तुटत नाही, महिनोन्‌महिने तुटत असतो

ब्रॅकेट तुटला की चालक म्हणतो, "काल त्या खड्ड्यात आदळली, तिथंच गेला." खड्डा खरा असतो, पण तो शेवटचा दणका असतो.

लोखंडी तार हातानं ओढून तुटत नाही, पण तीच दहा-वीस वेळा इकडं-तिकडं वाकवली की तुटते. धातूच्या या थकव्याला इंजिनिअर फटीग म्हणतात. ही गोष्ट जगाला महागात पडून कळली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला आणि ५० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर असे ॲक्सल का तुटतात याचा अभ्यास सुरू झाला. पुढं १८५० आणि ६० च्या दशकांत ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरनं प्रयोग करून दाखवलं की एका झटक्यात सहज पेलता येणारा भारसुद्धा लाखो वेळा आला तर पोलाद तोडू शकतो.

पिकअपच्या बाबतीत लाखो वेळा म्हणजे किती दिवस? समजा खराब रस्त्यावर दर १० मीटरला एक धक्का बसतो. म्हणजे किलोमीटरला १००. दिवसाला १०० किलोमीटर फिरली तर १०,००० धक्के. महिन्याचे २५ दिवस धरले तर अडीच लाख. वेल्डिंगच्या जोडाची थकव्याविरुद्धची ताकद इंजिनिअर साधारणपणे २० लाख फेऱ्यांवर मोजतात. हा आकडा अशी गाडी आठ महिन्यांत गाठते.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. वेल्ड केलेल्या जोडावर पुन्हा पुन्हा येणारा ताण वाढला की त्याचं आयुष्य त्या वाढीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. ताण सव्वापट झाला, तर आयुष्य जवळपास अर्धं. ताण दुप्पट झाला, तर आयुष्य एक अष्टमांश. म्हणूनच "थोडंसंच तर जास्त भरलंय" किंवा "बुश थोडेच घासलेत" हे वाक्य ब्रॅकेटला फार महाग पडतं.

खरे संशयित कोण?

ब्रॅकेटवर जादा ताण येण्याची कारणं मोजकी आहेत. जुन्या गाडीत यातली दोन-तीन एकत्रही सापडतात.

१. जाम झालेला शॅकल. ग्रीसिंग होत नाही, पिनवर गंज चढतो आणि शॅकल झुलायचा थांबतो. पाटा लांब व्हायला बघतो, पण जागा मिळत नाही. मग दर खड्ड्याला तो दोन्ही ब्रॅकेट एकमेकांपासून दूर ढकलत राहतो.

२. घासलेले बुश. पाट्याच्या डोळ्यात धातूचा किंवा रबराचा बुश असतो. तो झिजला की पिन आणि डोळा यांच्यात फट पडते. ब्रेक मारला की पाटा आधी त्या फटीत सरकतो आणि मग ब्रॅकेटवर आदळतो. ढकलणं आणि हातोडी मारणं यात जो फरक आहे, तोच इथं पडतो.

३. ढिले यू-बोल्ट. नवे पाटे बसवल्यावर पानं एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट थोडे ढिले पडतात. काहीशे किलोमीटरनंतर ते परत कसायचे असतात. ते राहून जातं. मग ॲक्सल पाट्यावर सरकू लागतो, सेंटर बोल्टवर ताण येतो आणि एका बाजूचा ॲक्सल मागं-पुढं होतो.

४. गेलेले शॉक ॲब्सॉर्बर आणि गायब रबर स्टॉप. शॉक ॲब्सॉर्बर गेले की एका खड्ड्याचा एक धक्का राहत नाही, गाडी तीन-चार वेळा हिंदकळते. रबर स्टॉप नसेल तर ॲक्सल थेट चेसिसवर आपटतो.

५. वाढवलेलं पान. गाडी बसते म्हणून पाट्यात एक पान वाढवलं जातं. सारख्या जाडीच्या पाच पानांची सहा केली की पाटा साधारण २० टक्क्यांनी कडक होतो. गाडी उंच दिसते, मालक खूश होतो. पण चाक ५ सेंटीमीटर उचललं गेलं की आधी २५० किलोंचा धक्का वर जात असेल, तर आता ३०० किलोंचा जातो. पाट्यानं पचवायचा तो मार ब्रॅकेटच्या वाट्याला येतो.

६. सैल झालेले रिव्हेट किंवा बोल्ट. ब्रॅकेट चेसिसवर घट्ट दाबून बसलेला असेल, तर जोर दोन पृष्ठभागांच्या घर्षणातून चेसिसमध्ये जातो. तो सैल झाला की प्रत्येक धक्क्याला हलतो, भोकं अंडाकृती होतात आणि भोकाच्या कडेतून तडा निघतो.

तुटलेला तुकडा फेकू नका, तो सगळं सांगतो

गॅरेजमध्ये तुटलेला ब्रॅकेट सहसा भंगाराच्या ढिगात जातो. पण त्या तुकड्याची तुटलेली कड नीट बघितली तर अर्धं निदान तिथंच होतं.

थकव्यानं तुटलेल्या कडेचे दोन भाग दिसतात. एक भाग गुळगुळीत, काळपट किंवा गंजलेला. हा जुना तडा. भरती-ओहोटीनंतर वाळूवर जशा रेषा राहतात, तशा वक्र रेषा त्यावर कधी कधी दिसतात. त्या जिथून पसरलेल्या दिसतात, तिथून तडा सुरू झाला. दुसरा भाग खरखरीत आणि चकचकीत, ताज्या तुटलेल्या धातूसारखा. हा शेवटच्या दणक्यात तुटलेला.

काळपट भाग मोठा असेल, तर तडा कित्येक दिवसांपासून होता आणि कुणी बघितला नाही. उलट सगळी कड खरखरीत, चकचकीत असेल, तर एखादा मोठा आघात झालाय. अशा वेळी अपघात, मोठा खड्डा किंवा दुभाजकावर चढणं, असं काही झालं होतं का हे विचारायला हवं.

तडा कुठून सुरू झाला हेही बोलकं असतं. बोल्टच्या भोकातून निघाला असेल, तर जोड सैल होता. वेल्डच्या कडेला, म्हणजे वेल्ड संपतो आणि मूळ पत्रा सुरू होतो तिथं असेल, तर आधीच्या दुरुस्तीकडं बघायला हवं. ब्रॅकेटच्या वळणावर असेल, तर जाम शॅकल किंवा आडवा ताण तपासायला हवा. आणि दर वेळी एकाच बाजूचा ब्रॅकेट तुटत असेल, तर त्या बाजूचा पाटा, शॅकल, बुश आणि मालाचा कल यांची तुलना दुसऱ्या बाजूशी करायची.

निदान कसं करायचं? क्रम महत्त्वाचा

आधी सुरक्षितता. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी आणि चेसिसखाली भक्कम स्टँड, हे तिन्ही झाल्यावरच खाली जायचं.

पहिलं काम म्हणजे गाडी धुण्याच्या आधी बघणं. सैल रिव्हेट किंवा बोल्टभोवती तांबूस भुकटी किंवा ओघळ दिसतो. दोन धातू एकमेकांवर घासून तयार झालेला तो गंज असतो. रंग गेलेली, चकाकणारी जागा म्हणजे तिथं काही तरी हलतंय. पाण्याचा फवारा मारला की हे पुरावे धुऊन जातात.

त्यानंतर तारेच्या ब्रशनं ब्रॅकेट आणि त्याच्या आजूबाजूचा किमान एक वीतभर चेसिस साफ करायचा. बारीक तडा शोधायला गॅरेजमधली जुनी युक्ती आजही चालते. जागेवर रॉकेल किंवा डिझेल लावायचं, काही मिनिटं थांबायचं, कोरडं पुसायचं आणि खडूची पूड चोळायची. तड्यात शिरलेलं तेल खडूत झिरपतं आणि रेष उमटते. हेच काम जास्त नेमकेपणानं करणारे लाल रंगाचे आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे मिळतात. चाचणी झाल्यावर वेल्डिंगच्या आधी ती जागा पूर्ण साफ करायची, नाही तर आग लागायचा धोका.

तिसरी पायरी म्हणजे हलवून बघणं. गाडी चाकांवर उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू, गिअर न्यूट्रल. एकानं स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडं हलवायचं आणि दुसऱ्यानं बाजूला राहून, गाडीखाली न जाता, ब्रॅकेट आणि शॅकलकडं बघायचं. चेसिस आणि ब्रॅकेट यांच्यात केसभरही हालचाल दिसली तर जोड सैल आहे. मग इंजिन बंद करून, गाडी स्टँडवर घेऊन बुशजवळ टॉमी घालून हलकं उचकायचं. खट् असा आवाज किंवा उघडी फट म्हणजे बुश गेले. माल भरताना किंवा उतरवताना शॅकलचा कोन बदलतोय का हेही बघायचं. पाटा दबूनही शॅकल जागचा हलत नसेल, तर तो जाम आहे.

चौथी पायरी म्हणजे टेपनं मोजणं. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर, चाकं सरळ ठेवून, डावीकडं आणि उजवीकडं मोजायचं. दोन्ही आकडे जुळायला हवेत. ठळक फरक आला तर ॲक्सल सरकलाय किंवा चेसिस वाकलंय. चेसिसवरच्या ठरावीक भोकांमधले दोन तिरके कर्णही मोजायचे. चेसिसच तिरकं झालं असेल, तर नवा ब्रॅकेट पहिल्या दिवसापासूनच ताणाखाली बसतो.

वेल्डिंग कधी चालतं, कधी नाही?

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. वेल्ड चांगला असेल तर तो मूळ धातूपेक्षा मजबूत असतो, असं सांगितलं जातं. एकदाच ओढून तोडायचं असेल तर हे खरं ठरू शकतं. पण वारंवार येणाऱ्या धक्क्यांसमोर चित्र उलटं होतं. सलग पत्र्याच्या तुलनेत वेल्ड केलेल्या जोडाची थकव्याविरुद्धची ताकद अनेकदा निम्मी किंवा त्याहून कमी धरली जाते. वेल्डच्या कडेला सूक्ष्म खाच राहते, आजूबाजूचा धातू तापून थंड होताना त्यात ताण अडकतो, आणि तडा तिथंच जन्म घेतो. महागडा रॉड वापरून हा प्रश्न सुटत नाही.

त्यामुळं पहिला पर्याय म्हणजे नवा ब्रॅकेट. तोही गाडीच्या नेमक्या मॉडेलचा. तुटलेला ब्रॅकेट ओतीव असेल, तर साध्या रॉडनं वेल्ड करून तो पुढच्या ॲक्सलवर वापरणं म्हणजे जिवाशी खेळ.

कारखान्यातून आलेले रिव्हेट काढून ब्रॅकेट बदलताना बहुतेक गॅरेजमध्ये बोल्ट वापरतात. ते चालतं, पण बोल्ट कोणताही चालत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. ८.८ म्हणजे तुटायची ताकद साधारण ८०० मेगापास्कल आणि कायमचा ताणला जाण्याची मर्यादा त्याच्या ८० टक्के. १०.९ म्हणजे १,००० आणि ९० टक्के. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचाच बोल्ट घ्यायचा, भोकात तो सैल बसता कामा नये, खाली कडक वॉशर आणि लॉक नट हवा, आणि टॉर्क पान्ह्यानं दिलेल्या आकड्यापर्यंत कसायला हवा. ब्रॅकेट आणि चेसिस यांच्यामध्ये गंजाचे पापुद्रे किंवा रंगाचे जाड थर राहिले, तर ते दबून बोल्ट सैल पडतो. भोक अंडाकृती झालं असेल, तर मोठा वॉशर टाकून वेळ मारून न्यायची नाही. भोक भरून परत पाडायचं किंवा योग्य मापाला रीम करायचं.

चेसिसलाच तडा गेला असेल, तर वेल्डिंगशिवाय पर्याय नसतो. मात्र गाडीच्या निर्मात्यानं तिथं वेल्डिंगला परवानगी दिली आहे का, हे आधी बघायचं. परवानगी असेल तर क्रम असा. तड्याचं खरं टोक शोधायचं आणि तिथं छोटं भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढं पळत नाही. तडा व्ही आकारात खोलपर्यंत घासायचा, कारण वरवर भरलेला वेल्ड म्हणजे झाकलेला तडा. कोरडे, लो हायड्रोजन रॉड वापरायचे. वेल्डनंतर जागा घासून सपाट करायची आणि ते पाडलेलं भोकही भरून घ्यायचं.

जोडपट्टी मारायची असेल तर चौकोनी तुकडा आणि त्याच्या टोकाला चेसिसवर उभा-आडवा वेल्ड, ही सगळ्यात वाईट पद्धत. जाड भाग अचानक संपतो आणि पुढचा तडा नेमका तिथंच जातो. पट्टीची टोकं निमुळती किंवा माशाच्या तोंडासारखी कापली की ताण हळूहळू पसरतो. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या कडांवर आडवा वेल्ड किंवा नवं भोक शक्यतो टाळायचं, कारण वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण तिथं असतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायचा, नाही तर करंट बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढतो. ब्रेकचे पाइप, डिझेलच्या नळ्या आणि वायरिंग बाजूला करायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रॅकेटबरोबर मूळ कारणही त्याच दिवशी काढायचं. बुश, शॅकल पिन बदलायच्या, त्याही शक्यतो दोन्ही बाजूंच्या. यू-बोल्ट एकदा काढले की नवेच टाकायचे, कारण जुने ताणलेले असतात. ते आलटून-पालटून, कर्णाच्या क्रमानं कसायचे. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. चाक लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलेलंच राहतं. रबरी बुशला ग्रीस लावायचं नाही, साधं ग्रीस रबर खराब करतं.

शेवटी अलाइनमेंट करायची. आणि काहीशे किलोमीटरनंतर गाडी परत आणून सगळे बोल्ट, यू-बोल्ट तपासायचे. ही शेवटची फेरीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

गंज असेल तर हिशोबच वेगळा

कधी कधी ब्रॅकेट ठणठणीत असतो, पण तो ज्या चेसिसवर बसलाय तेच आतून पोकळ झालेलं असतं. याचं जगातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे टोयोटा टॅकोमा. अमेरिकेत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथं १९९५ ते २००० दरम्यानच्या टॅकोमा पिकअपचं चेसिस गंजण्याचं प्रमाण इतकं वाढलं की २००८ मध्ये कंपनीनं चेसिसच्या गंजासाठीची वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि जास्त खराब गाड्या परत विकत घेतल्या. पुढं २०१६ मध्ये टॅकोमा, टुंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या मालकांशी झालेल्या तडजोडीची किंमत ३.४ अब्ज डॉलरपर्यंत सांगितली गेली.

आपल्याकडं रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण कोकणात खारी हवा आहे आणि मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्ये बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट चेसिसवर गळतं. अशा गाडीत ब्रॅकेटजवळचा चेसिस छोट्या हातोडीनं ठोकून बघायचा. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले किंवा हातोडी आत रुतली, तर तिथं वेल्ड धरणार नाही. खराब भाग कापून नवा घालावा लागतो किंवा चेसिस बदलावं लागतं. दुरुस्तीची किंमत गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर गाडी मोडीत काढणं हा शहाणपणाचा हिशोब ठरतो.

पाटे नसलेल्या पिकअपचं काय?

काही पिकअपमध्ये पुढं पाट्यांऐवजी वरचे-खालचे आर्म आणि कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असतो. तिथं खालच्या आर्मचा ब्रॅकेट तुटतो. त्याची मोठी खूण म्हणजे अलाइनमेंट टिकत नाही. आज केलं, आठवड्यात परत बिघडलं आणि टायर एका कडेला खाल्ला गेला. असं झालं की अलाइनमेंटवर परत पैसे घालण्याआधी आर्मचे बुश, त्यांचे बोल्ट आणि ब्रॅकेटची भोकं तपासायला हवीत. टॉर्शन बार जास्त पिळून गाडी उंच केली असेल, तर चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि आर्म दर धक्क्याला टोकाच्या मर्यादेवर आदळतो.

गाडी तिथंच कधी थांबवायची?

पुढचा ब्रॅकेट तुटला की त्या बाजूचा ॲक्सल मागं सरकतो, स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलतो आणि गाडी चालकानं न वळवताही वळते. टायर मडगार्डला घासतो, ब्रेकची नळी ताणली जाते. हे बहुतेक वेळा ब्रेक मारल्यावरच होतं, कारण सगळ्यात जास्त जोर तेव्हाच असतो. घाट उतरताना असं झालं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून या खुणा दिसल्या तर माल पोचवायची घाई करायची नाही. ब्रेक मारल्यावर पुढून खट् असा आवाज. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढणं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहणं. एका बाजूचा टायर आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळं दिसणं. आवाज आणि ओढ दोन्ही एकत्र असतील, तर गाडी टोइंग करून न्यायची.

कायद्याची बाजूही आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार ओव्हरलोडिंगला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. पण दोन फिटनेसच्या मधले महिने गाडीखाली बघायची जबाबदारी मालकाचीच. महिन्यातून एकदा ग्रीसिंगच्या वेळी टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट बघितले, तर बराचसा धोका आधीच कळतो.

आणि पुढच्या वेळी ब्रॅकेट तुटून गाडी गॅरेजला गेलीच, तर मेस्त्रीला "किती घेणार?" हे विचारायच्या आधी एक प्रश्न विचारायचा. "हा तुटला कशामुळं?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय वेल्डिंग मशीन सुरू करू द्यायचं नाही.